भाच्याची पुडी

"तुम्हाला पुड्या कोण देतं?"

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्यांदा विचारलं ते हे. मी तर उजव्या खुब्याच्या दुखण्यासाठी गेले होते. एमआरआयची फिल्म अजून पिशवीतच होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बांगड्यांखालचे काळेनिळे डाग पाहिले, पदर बाजूला करायला सांगून मानेच्या मागे हात लावला आणि हा प्रश्न टाकला. ना नाव विचारलं, ना गाव.

मी म्हटलं, पुड्या घेते, पण त्या सांध्यांच्या आहेत, खुब्याचं वेगळं आहे. त्यांनी फिल्म काढून उजेडाला लावली आणि म्हणाल्या, अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस. म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, जो खुब्यात बसतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड आतून मरत जातं. तुमचा चेहरा असा गोल झालाय त्याला कुशिंग म्हणतात. बाहेरून स्टेरॉइड फार काळ पोटात गेलं की असं होतं. तुमच्या पुडीत स्टेरॉइड आहे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंची नजर त्यांच्यावर गेली. त्यांचाही चेहरा माझ्यासारखाच वाटोळा, लालसर. "आजी, तुम्हीपण घेता? कोण देतं?"

आत्याबाईंनी मान ताठ केली. "माह्या बहिनीचा पोरगा देते. भाचा हाय माहा. मोठा डॉक्टर हाय."

हे मी कोणाची बदनामी करायला लिहीत नाही. त्या माणसाचं नाव मी इथे घेणार नाही. पण ज्यांच्या घरात अशी बिननावाची पुडी रोज सकाळी चहाबरोबर खाल्ली जाते, त्यांच्यासाठी लिहिते आहे. माझा खुबा गेला तो गेला. तुमचा वाचला तर बरं.

आमचं साकोलीला कपड्याचं दुकान आहे. गल्ल्यावर हे बसतात, पण माल पारखायचा असला की मला हाक मारतात. व्यापारी कितीही गोड बोलला तरी मी कापडाचा कोपरा ओल्या बोटांनी चोळल्याशिवाय तागा आत घेत नाही. रंग लागला तर व्यापाऱ्यासकट बाहेर. बाजारात माझी तशी ख्यातीच आहे. एवढी चिकित्सा करणाऱ्या बाईने पुडीला कधी बोट लावून पाहिलं नाही, याचं माझं मलाच हसू येतं आणि रडूही येतं.

दुखणं बोटांपासून सुरू झालं. सकाळी उठलं की मुठी वळायच्या नाहीत. तागा उलगडताना बोटं सुजून टम्म व्हायची. आधी इथल्याच एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस सांगितला. म्हणजे आपल्याच शरीराची राखण करणारी फौज आपल्याच सांध्यांवर उलटते. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतील म्हणाले. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटची घंटी वाजवली. माझे प्रश्न माझ्याकडेच राहिले. काही आठवडे गोळी घेतली, फरक शून्य. ज्याला दुखणं थांबवायला महिने लागतात त्याला दुखणं कळलंच नाही, असं मी आणि घरच्या सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं.

मग आत्याबाई म्हणाल्या, माझ्या भाच्याकडे चल.

आमच्याकडे एका माहेरच्या बायका म्हणजे बहिणीच. रक्ताचं नातं असो नसो, एका गावच्या विहिरीचं पाणी प्यायलेल्या दोघी सासरी भेटल्या की जन्मभराच्या बहिणी होतात. एकमेकींच्या पोरांना भाचा-भाची म्हणतात, लग्नात त्यांना मावशीचा मान देतात, साडीचोळी करतात. डॉक्टरांची आई शेवंताबाई आणि आमच्या आत्याबाई अशाच एका माहेरच्या. म्हणून डॉक्टर त्यांचे भाचे, त्या डॉक्टरांच्या मावशी आणि मी वहिनी. घरच्याच माणसाला कोण विचारतं, की बाबा तू काय देऊन राहिलास म्हणून?

त्यांचा दवाखाना हायवे सोडून आतल्या एका गावात, तलावाच्या पाळीला लागून. घर आणि दवाखाना एकच. ओट्यावर पेशंटांची गर्दी, बाहेर जीपा आणि ऑटो उभे. पाटी खरी, डिग्री खरी, भिंतीवर काचेत लावलेलं प्रमाणपत्रही खरं. ते मी वाचलं होतं. बाजारातली सवय, तेवढं तरी केलं होतं. ओट्याच्या कोपऱ्यात बाजेवर शेवंताबाई बसलेल्या असायच्या, मोहाच्या बियांचं तेल गुडघ्यांना चोळत. त्यांचे गुडघे पार वाकले होते, भिंत धरून चालायच्या. आम्ही त्यांना चिडवायचो, पोरगा जगाला चालायला लावतो आणि तुम्ही अजून तेलच चोळता. त्या हसायच्या. म्हाताऱ्या बाईला घरच्याच डॉक्टरचं अप्रूप नसेल, असं आम्हाला वाटायचं.

डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. प्रत्येक बोट दाबून पाहिलं. कुठे दुखतं, केव्हा दुखतं, झोप लागते का, सगळं विचारलं. माझ्या माहेरचंही विचारलं. इतकं निवांत माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा. मी मनात म्हटलं, याला म्हणतात डॉक्टर.

आत पडद्यामागे खलबत्त्यात काहीतरी कुटल्याचा आवाज यायचा. मग पेपरच्या चौकोनी तुकड्यात बांधलेल्या पुड्या बाहेर यायच्या. पांढरट भुकटी, थोडी कडू. नाव नाही, गाव नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले आणि माझी मूठ वळली. मी स्वयंपाकघरात उभी राहून नुसती मूठ उघडत आणि मिटत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. आत्याबाई म्हणाल्या, "सांगतलं नव्हतं तुले?"

पुढे चेहरा भरला, गाल वर आले. दुकानात येणाऱ्या बायका म्हणायच्या, काय वो, तब्येत तं मस्त झाली. आमच्याकडे अंगाने भरणं म्हणजे सुख. सासर चांगलं आहे, खाणंपिणं चांगलं आहे, याची ती पावती. माझे ब्लाउज पुन्हा पुन्हा उसवून सैल करावे लागले आणि मी ते हौसेने केले. पाठीवर मानेखाली उंचवटा आला तो वयाचा समजला. बांगडी लागली तरी कातडीखाली रक्त साकळायचं, ते उन्हाचं समजलं. साखर वाढली ती आमच्या घराण्यातली समजली. एकेकाला वेगवेगळं कारण चिकटवत गेलो. सगळ्याचं मिळून एक कारण असेल हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. ज्याच्या ध्यानात होतं तो मला दर महिन्याला समोर बसवून पाहत होता.

मग खुबा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, वहिनी, वजन वाढलं ना, म्हणून. आणि पुडी थोडी जड केली. दुखणं काही दिवस दबलं, परत उठलं. यांनी जोर धरला म्हणून नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. काचेची दारं, थंडगार हवा, इस्त्रीचा कोट घातलेले हसरे डॉक्टर. एक्स-रे पाहून म्हणाले, काही नाही, वयाप्रमाणे झीज. नंतर कळलं की या आजारात सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्येच दिसतं. तिथेही मला औषधं कोणती चालू आहेत हे विचारलं होतं. मी म्हटलं, काही नाही. पुडीला मी औषध समजतच नव्हते, ती तर घरची होती. माझ्या गोल चेहऱ्याकडे पाहून पुन्हा विचारायचं त्यांनाही सुचलं नाही. दुखणं वाढलं तेव्हा एमआरआय काढला आणि तो घेऊन भंडाऱ्याला गेले.

तिथली डॉक्टरीणबाई तरुण. केस कसेबसे बांधलेले, आवाज खणखणीत, बोलणं तोडून. रक्ताची एक तपासणी सांगितली, कॉर्टिसॉलची. हे रसायन शरीर स्वतः रोज बनवतं, त्यावर आपण सकाळी उठतो, चालतो, आजार झेलतो. माझ्या शरीराने ते बनवणं जवळजवळ सोडून दिलं होतं. त्यांनी गोळ्यांची एक पट्टी लिहून दिली, किती घ्यायची आणि कशी कमी करायची ते भराभर सांगितलं आणि वर रागावल्या, "अचानक बंद करायचं नाही. समजलं?" मी मान हलवली.

मेडिकलच्या दुकानात मी विचारलं, ही गोळी कशाची? तो म्हणाला, स्टेरॉइड.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे तेच! तिकडे कागदात, इथे पट्टीत.  घरी येऊन सगळ्या पुड्या उकिरड्यात टाकल्या आणि पट्टी कपाटात फेकली. हे म्हणाले, "अवं पण डॉक्टरीनबाईनं सांगतलं ना, बंद नोको करू म्हनून?"

मी म्हटलं, "भाच्यानंही तं सांगतलंच होतं."

विश्वासघात झाला की माणसाचं असं होतं. ज्याने फसवलं त्याच्यावरचा विश्वास तर जातोच, पण जो खरं सांगतोय त्याचंही ऐकू येईनासं होतं. दोघांच्या तोंडचे शब्द सारखेच वाटतात. मला तेव्हा जगातल्या सगळ्या डॉक्टरांची चीड आली होती.

थोड्याच दिवसांत अंगातलं बळ गेलं. अन्न दिसलं की उलटी. एका दुपारी दुकानात गिऱ्हाइकासमोर कापड मोजता मोजता हातातला मीटर पडला आणि मी त्याच्या मागोमाग. शुद्ध आली तेव्हा भंडाऱ्यात होते, हाताला सलाइन. रक्तदाब सापडत नव्हता म्हणे. याला अॅड्रिनल क्रायसिस म्हणतात. शरीराला लागणारं ते रसायन एकदम संपतं आणि माणूस कोसळतो. वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून मी आहे.

इकडे साकोलीत बातमी पसरली. पुडी सोडली म्हणून पडली. डॉक्टर भाच्यानेही हेच सांगितलं आणि आपली पुडी कशी असर करत होती याचा तो दाखला झाला. यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की ते खोटं नव्हतं. पुडी सोडली म्हणूनच मी पडले होते. ज्याने खड्डा खणला त्यालाच लोक म्हणत होते, बघा, याचा हात सोडला की माणूस पडतो.

आत्याबाई मला भेटायला आल्या. पदराची गाठ सोडली, आत पुडी. "घे माय. भाच्यानं धाडली. रडून राहिला होता तुह्यासाठी." मी भिंतीकडे तोंड केलं. मला वाटलं, आता या बाईला कोण समजावणार? त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, कित्येक दिवस भरत नव्हती. साखर वाढलेली. आणि त्या अजून रोज पुडी घेत होत्या. माझी अवस्था मी पाहत होते, त्यांची पुढची अवस्था मला दिसत होती.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. मला वाटलं आता झाडाझडती होणार. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. पहिल्यांदाच बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या घरी रोज बाहेरून डबा यायला लागला तर चूल कोण पेटवेल? ती विझते. मग एक दिवस डबा बंद केला, तर चूल त्याच दिवशी पेटत नाही. म्हणून डबा थोडा थोडा कमी करायचा, तोवर घरची चूल हळूहळू पेटते. ही गोळी म्हणजे मोजून दिलेला डबा. हे मी त्या दिवशी असं सांगायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

इतक्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढले, पण कोणा डॉक्टरच्या तोंडून हे शेवटचं वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं. गोळी मी त्याच दिवशी घेतली. आत्याबाईंनी मात्र ऐकलं नाही. मले काही झालं नाही, म्हणाल्या, आणि पुडी परत गाठीत बांधली.

काठी धरून चालायला लागले तेव्हा एक दिवस आत्याबाईंच्या पुड्या संपत आल्या. हे नको म्हणत होते, तरी मी त्यांच्याबरोबर ऑटोत बसले. मला त्या माणसाला समोरासमोर विचारायचं होतं.

आत गेले. ते उठून उभे राहिले, माझ्यासाठी खुर्ची सरकवली. मी आत्याबाईंकडची उरलेली एक पुडी टेबलावर ठेवली आणि विचारलं, याच्यात काय आहे?

"सांध्याची दवा आहे, वहिनी."

"नाव काय तिचं?"

त्यांनी पुडी हळूच बाजूला सारली. मग म्हणाले, "तुमाले आराम पडला होता का नाही?"

"पडला होता."

"मंग? लोकाईले आजचा आराम आजच पाहिजे, वहिनी. दोन महिने थांबा म्हनलं तं उद्या ह्या ओट्यावर कोनी येनार नाही. तुमी तरी थांबल्या होत्या काय?"

मी थांबले नव्हते. मी पुष्कळ ठरवून गेले होते. स्टेरॉइड, कुशिंग, सगळे शब्द पाठ होते. तो माणूस माझ्याकडे इतक्या मायेने पाहत होता की क्षणभर मलाच चोरट्यासारखं झालं. मी काठी घेतली आणि ओट्यावर आले.

आत्याबाई शेवंताबाईंच्या बाजेवर बसल्या होत्या, मांडीवर नव्या पुड्या. शेवंताबाई नेहमीसारख्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या. त्यांचा चेहरा बारीक, गालफडं बसलेली, हाताची कातडी मात्र धड, एक डाग नाही. आत्याबाईंना त्यांची कीव आली. एक पुडी उचलून त्यांच्या हातात कोंबत म्हणाल्या, "घे वो बहिनी. आज माही खाऊन पाह्य. तेल चोळून चोळून मरशील. मले देईल पोरगा दुसरी."

शेवंताबाईंनी हात मागे घेतला. "नोको माय. मले नाही देत तो. किती खेप मांगतली मी. म्हनते, माय, तू नोको घेऊ, हे हाडं खाते."

अगदी सहज म्हणाल्या. लेकाचं कौतुकच होतं त्यात, आईची एवढी काळजी घेतो म्हणून. आपण काय बोललो ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आत पडद्यामागे खलबत्ता चालू होता. आत्याबाईंनी हातातल्या पुडीकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटावरच्या काळ्या डागांकडे. मग शेवंताबाईंच्या मनगटाकडे.  माझ्या सगळ्या रिपोर्टांनी जे झालं नव्हतं ते तिथे माझ्यासमोर झालं होतं, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. तो माणूस अडाणी नव्हता. पुडीत काय आहे आणि ती हाडाचं काय करते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर आई वाचवली होती.

परत येताना ऑटोत आत्याबाई हायवेला लागेपर्यंत पुड्या मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या.

आता मी गोळीच्या अगदी खालच्या मात्रेवर आहे. सांध्यांसाठी तीच आठवड्याची गोळी परत सुरू झाली, जी मी वैतागून सोडली होती, आणि खरंच काही महिन्यांनी बोटं हलकी झाली. खुबा कधीतरी बदलावा लागेल. चेहरा उतरला. बायका दुकानात विचारतात, काहून वो, इतकी वाळली? मी सांगते, बरी होऊन राहिली.

डॉक्टर कसा ओळखायचा, हेही पुष्कळ जणी विचारतात. मला काय कळतं! गोड बोलणारा फसवा निघाला, थंड हवेतला चुकला, घंटी वाजवणारा बरोबर होता आणि रागावणारीने जीव वाचवला. मी एवढंच सांगते की औषधाचं नाव विचारा. जो नाव सांगत नाही त्याच्या घरचं पाणीही पिऊ नका. आणि जमलं तर विचारा, हेच तुमच्या आईला दिलं असतं का? गोल चेहऱ्याची कोणी ब्लाउजला जास्तीचं कापड मागायला आली की मी मीटर बाजूला ठेवते आणि हळूच पुडीचं विचारते. आणि घेत असेल तर हात धरून बजावते, बाई, एकदम सोडू नका, आधी नीट डॉक्टरला दाखवा.

त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांच्या खोलीतला जो प्रसंग माझ्या मनातून जात नाही तो माझा नाही, आत्याबाईंचा आहे. त्या ओट्यावरून आल्यानंतरच्या सोमवारी त्या आपणहून माझ्याबरोबर भंडाऱ्याला आल्या. पदराची गाठ सोडून सगळ्या पुड्या टेबलावर ठेवल्या आणि विचारलं, "हे हळूहळूच सोडाचं ना?"

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. अंगठ्याची जखम पाहिली, पेन उचललं आणि लिहिता लिहिता तोच प्रश्न विचारला. "कोण देतं या?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला.

"हाय एक डॉक्टर," त्या म्हणाल्या.